संध्याकाळचा दर

इमारतीत सगळे त्याला ऑफपीक म्हणायचे. तोंडावर काका, पाठ फिरली की ऑफपीक. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. जन्मभर लोकांनी त्याला कामाच्याच नावाने हाक मारली होती. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तो कंपाउंडर होता. लहानशा खिडकीमागे उभं राहून पुड्या बांधायच्या, बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून डोस आखून द्यायचे, आणि "कडू आहे का हो?" विचारणाऱ्या प्रत्येकाला "औषध आहे, सरबत नाही" हे एकच उत्तर द्यायचं, यात त्याचं आयुष्य गेलं. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, त्या जागी चष्म्याचं दुकान आलं आणि कंपाउंडर घरी बसला.

घरी बायको होती. मुलगा शिकून परदेशी गेला होता आणि तिकडचाच झाला होता. दोन खोल्या, मागे एक गॅलरी, गॅलरीत दोन खुर्च्या. दोघांचं बरं चाललं होतं.

ऑफपीक हे नाव पडलं ते वीज कंपनीने मीटर बदलले तेव्हापासून. जुनं मीटर बिचारं नुसतं मोजायचं. नवं मीटर घड्याळ बघून मोजायचं. संध्याकाळी सहा ते दहा वीज महाग, कारण त्या वेळी अख्खं शहर घरी येतं, दिवे, पंखे, शेगड्या, टीव्ही एकदम सुरू करतं आणि कंपनीच्या नाकी नऊ येतात. बाकीच्या वेळी, विशेषतः दुपारी, वीज स्वस्त. महाग वेळेला पीक म्हणायचं आणि स्वस्त वेळेला ऑफपीक, असं कंपनीच्या माणसाने जिन्यात उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं.

"कसलं पीक?" बायकोने विचारलं. "शेत कुणाचं आणि पीक कुणाचं?"

"अगं, पीक म्हणजे माथा. वापर माथ्यावर पोचतो तेव्हा."

"मग मारा म्हणावं कंपनीच्याच माथ्यावर. माझ्या घरातून काही निघायचं नाही त्या वेळी."

ती बोलली तशी वागली. ती चिक्कू नव्हती, पण तिला कुणी खिंडीत गाठलेलं आवडत नसे. नोकरदारांना संध्याकाळ चुकवता येत नाही, आपण तर दिवसभर मोकळे, मग आपण का म्हणून महाग वीज घ्यायची, असा तिचा हिशेब. कपडे दुपारी धुवायचे, इस्त्री दुपारी, स्वयंपाक चारच्या सुमाराला उरकायचा. सहा वाजले की ती मेन स्विच खाली ओढायची. फ्रिजसुद्धा बंद. दार उघडलं नाही तर चार तासांत आतलं काही बिघडत नाही, असं तिचं म्हणणं होतं, आणि खरोखरच कधी बिघडलं नाही.

मग दोघं मागच्या गॅलरीत जाऊन बसायची. समोरच्या इमारतीची सगळी स्वयंपाकघरं तिकडे उघडत. आपल्याकडे अंधार आणि समोर ओळीने उजळलेल्या खिडक्या. बायको त्या खिडक्यांतल्या लोकांचं बोलणं स्वतःच जुळवायची. नवऱ्याचा आवाज वेगळा, बायकोचा वेगळा, सासूचा तर नाकातून. "आज पुन्हा मीठ विसरलीस," ती जाड आवाजात म्हणायची आणि लगेच बारीक आवाजात, "मीठ नाही, तुम्हीच चव विसरलात." कंपाउंडर तोंडावर हात धरून हसायचा, समोर ऐकू जाईल म्हणून. कुणी जिना चढून आलं तर बायकोला पावलांवरूनच कळायचं. तिचे कान फार तिखट. पाहुण्याने दार ठोकायच्या आत ती दार उघडून उभी असायची आणि त्यालाही आणून गॅलरीत बसवायची. कंपाउंडरचा मित्र, नाक्यावरचा शिंपी, आठवड्यातून दोन-तीनदा तरी यायचा. येताना बुद्धिबळाचा डबा आणायचा आणि रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात दोघे डाव मांडायचे. "तुमच्याकडे हरलो तरी चालतं," शिंपी म्हणायचा, "तोंड दिसत नाही कुणाचं."

मग एका आजारपणात बायको गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि परत आणलं नाही. मुलगा आला, राहिला, बापाला बरोबर चल म्हणाला. बाप नाही म्हणाला. जाताना मुलाने सांगितलं, "बाबा, संध्याकाळी दिवे लावत जा. बिलाचं मी बघतो."

"पैशाचा प्रश्न नाही रे," कंपाउंडर म्हणाला.

आणि खरंच नव्हता. सहा वाजले की तो उठायचा, मेन स्विच खाली ओढायचा आणि गॅलरीत जाऊन आपल्या खुर्चीवर बसायचा. हे तिचं काम होतं, आता त्याच्याकडे आलं होतं. ते सोडून दिलं तर घरात तिचं म्हणून काय चालू राहणार, असं काहीतरी त्याच्या मनात होतं, पण शब्दांत सांगायला कुणी विचारलंही नाही. समोरच्या खिडक्या तशाच उजळायच्या. लोक बोलायचे, पण त्यांचे नुसते ओठ हलायचे. त्याला आवाज काढता येत नसत.

त्याचं सगळं जगणं दुपारी गोळा झालं. दुपारी वॉशिंग मशीन घुरघुरायचं, शेगडीवर भात व्हायचा, रेडिओ चालायचा. पण दुपारी इमारतीत असतं कोण? माणसं कामावर, मुलं शाळेत, म्हातारीकोतारी झोपलेली. तो जागा असायचा तेव्हा जिना ओस, आणि जिना गजबजायचा तेव्हा तो मागे अंधारात. भाजी आणायला बाहेर पडायचा तेही भर उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना.

सुरुवातीला लोक आले. समोरच्या दारातली मास्तरीणबाई आली, तिचा नवरा आला, खालचे लोक आले. मग येणं विरळ झालं, मग थांबलं. कंपाउंडरने मनाशी म्हटलं, जगाची रीतच आहे. रात्री-अपरात्री मुलाच्या पोटात दुखलं की हेच लोक त्याचं दार वाजवायचे, आणि तो पायजम्यावर जाऊन दवाखाना उघडायचा. गरज सरो, वैद्य मरो. वैद्याचं असं, तर कंपाउंडरला कोण विचारतो?

पण बाकीच्यांचं त्याने मनावर घेतलं नाही तेवढं शिंप्याचं घेतलं. इतक्या वर्षांचा मित्र, आणि बायको गेल्यावर चार दिवस येऊन बसला आणि मग जो गडप झाला तो झालाच. कंपाउंडरने नाक्यावरून जाणं सोडलं. बाजाराला जायचं तर तो मागच्या गल्लीतून वळसा घालून जायचा, म्हणजे शिंप्याचं दुकान दिसायला नको. आपण होऊन जाऊन विचारावं असं त्याला कधी वाटलं नाही असं नाही. वाटायचं. पण माणूस एकटा पडला की मानही जरा जास्तच ताठ होते, वाकवली तर मोडेल असं वाटतं.

अशी काही वर्षं गेली. मग इंधन महागलं आणि विजेचे दर असे चढायला लागले की लोकांनी ओरड केली. मोर्चे निघाले, बातम्या झाल्या आणि शेवटी वरच्या प्राधिकरणाने दरांवर कमाल मर्यादा घातली. कंपनीला त्यापेक्षा जास्त आकारता येणार नाही. जिन्यात दुपारीसुद्धा ही बातमी पोचली. पोस्टमनने कंपाउंडरला सांगितलं, "आता बिल एका आकड्याच्या वर जाणारच नाही म्हणे." कंपाउंडरला बरं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.

पुढचं बिल आलं ते वाढून आलं. आणि मास्तरीणबाई खाली कुणाला तरी सांगताना त्याने दाराआडून ऐकलं, की आमचं चांगलं उतरलंय. त्याने बिल दोनदा पाहिलं. वापर तेवढाच होता. चूकच असणार असं ठरवून तो वीज कंपनीच्या कार्यालयात गेला.

तिथे टोकन घेऊन बाकावर बसायचं होतं. त्याचा नंबर आला तेव्हा खिडकीत एक बाई होती, चष्मा कपाळावर चढवलेली. खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायची कंपाउंडरला सवय नव्हती. त्याने बिल आत सरकवलं.

"मर्यादा आली ना? मग हे वाढलं कसं?"

बाईंनी चष्मा खाली घेतला. "काका, मर्यादा बिलावर नसते, दरावर असते. जेवढी वीज जाळाल तेवढं बिल येणारच."

"जाळली तेवढीच. दर वाढलाय. दुपारचा."

"हो. तुमचे दोन दर आहेत ना. मर्यादा त्या दोघांवर वेगवेगळी नाही. दोन्ही मिळून जी सरासरी निघते, तिच्यावर आहे. सरासरी ओलांडायची नाही, एवढंच बंधन. आत कुठला दर किती ठेवायचा ते कंपनी बघते. कंपनीने संध्याकाळचा दर बराच उतरवला आणि बाकीच्या वेळचा चढवला."

"म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं."

"बहुतेकांना दिलंच," बाई म्हणाल्या. "तुमचं तेवढं काढून घेतलं गेलंय." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पडद्यावर दिसलं ते त्यांनी सांगितलं.

"सरासरी काढतात ती कुणाची?"

"नेहमीच्या घराची. म्हणजे एक घर धरतात. माणसं संध्याकाळी कामावरून येतात, मुलं येतात, स्वयंपाक होतो, टीव्ही चालतो. अशा घरात एवढी वीज संध्याकाळी जाते आणि एवढी बाकीच्या वेळी, असं गृहीत धरून हिशेब मांडतात. तशा घराला हे दर बरे पडतात."

"आणि माझं घर?"

बाईंनी पडद्यावर बोट खालपर्यंत फिरवलं. मग पुन्हा वरून फिरवलं. "तुमचं संध्याकाळचं सगळं शून्य आहे," त्या म्हणाल्या. "आजचंच नाही, मागचंही सगळं. गोदामांचं असं असतं. घरातलं मी पहिल्यांदा बघतेय. संध्याकाळी तुम्ही नसता का इथे?"

"असतो की. घरीच असतो."

"घरी कोण कोण असतं?"

"मी."

बाईंनी हाताशी होते ते कागद उगाच सारखे केले. मागच्या माणसाने घसा खाकरला, तिकडे त्यांनी पाहिलं नाही. "असं करा," त्या म्हणाल्या, "एकच दर घ्या. दिवसरात्र सारखा. त्यालाही मर्यादा आहेच. तुमच्या दुपारच्या दरात आणि त्याच्यात आता फरक उरलाय तो चहातल्या बिस्किटाच्या चुऱ्याएवढा."

"आणि मग संध्याकाळी दिवा लावला तर?"

"लावा की."

"महाग नाही पडणार?"

"काका," बाई जरा हसल्या, "तुमच्या एका दिव्याने कंपनी श्रीमंत होणार नाही आणि तुम्ही गरीब होणार नाही. घरी जा, विचार करा, मग येऊन सांगा."

कंपाउंडर भांडायच्या तयारीने गेला होता. पण भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. घरी येईपर्यंत त्याला राग आठवेना. त्या बाईंचा प्रश्न तेवढा आठवत राहिला, संध्याकाळी तुम्ही नसता का इथे.

त्या दिवशी सहा वाजले. तो सवयीने उठला, मेन स्विचपर्यंत गेला, हात वर केला आणि तसाच उभा राहिला. कशासाठी ओढायचा? तिने तो ओढायला घेतला तेव्हा त्यात कंपनीला चकवल्याची गंमत होती. आता कंपनीने हिशेबच फिरवला होता. ती असती तर एव्हाना काहीतरी नवी युक्ती काढून हसत बसली असती. त्याला काही सुचलं नाही. त्याने हात खाली घेतला आणि पुढच्या खोलीतला दिवा लावला.

दिवा बिचारा इतक्या दिवसांनी संध्याकाळी लागला म्हणून की काय, दोनदा मिचकावला आणि मग स्थिर झाला. कोपऱ्यात कोळ्यांनी संसार थाटले होते. भिंतीवर ती ज्या जागी डोकं टेकून बसायची तिथे रंग मळलेला होता. दुपारच्या उन्हात हे कधी दिसलं नव्हतं. त्याने गॅलरीतलाही दिवा लावून पाहिला. समोरच्या स्वयंपाकघरात एक बाई भांडी घासत होती. तिने मान वर केली, उजेडात बसलेला अनोळखी म्हातारा आपल्याकडेच बघतोय हे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. कंपाउंडरला शरमल्यासारखं झालं. या बाईचे किती दिवस आपण पाहिलेत, आणि तिच्या लेखी आपण आज पहिल्यांदा उगवलो. तो दिवा विझवून पुढच्या खोलीत येऊन बसला.

तेवढ्यात घरात कुठेतरी कर्कश आवाज झाला. तो दचकला. पुन्हा झाला तेव्हा कुठे त्याला कळलं की ही आपल्याच दारावरची बेल.

दारात मास्तरीणबाई उभी होती, हातात लांब दांड्याची छत्री. तिच्या मागे तिचा नवरा, हातात काही नाही.

"तुम्ही आहात होय," ती म्हणाली आणि छत्री खाली केली. "आम्हाला वाटलं चोर शिरला."

"चोर दिवा लावून चोरी करेल का?"

"तेच मी यांना म्हटलं, पण हे ऐकेनात."

"मी काही म्हटलं नव्हतं," नवरा मागून म्हणाला.

"आज लवकर परत आलात?" मास्तरीणबाईने विचारलं.

"कुठून?"

"रोज जाता तिथून."

"मी कुठे जात नाही. घरीच असतो."

"अंधारात?"

कंपाउंडरने मान हलवली. वर्गात एखाद्या मुलाने भलतंच उत्तर द्यावं आणि ते बरोबर असल्याचं हळूहळू लक्षात यावं, तसा मास्तरीणबाईचा चेहरा झाला.

"अहो काका, किती वेळा बेल वाजवली आम्ही. काकू गेल्या तेव्हा तर शाळेतून आले की संध्याकाळी जेवणाचा डबा घेऊन यायची मी. घर काळोखं. वाटलं, अंधाराचा हट्ट काकूंचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला; आता एकट्याचं मन लागत नाही घरात, बहिणीकडे नाहीतर कुणाकडे जाऊन बसत असतील. मग..." ती थांबली. "मग आमचंही राहून गेलं."

"बेल विजेवर चालते," कंपाउंडर सावकाश म्हणाला.

"हो."

"मेन स्विच बंद असतो."

तिघांनी वर बेलकडे पाहिलं. पांढरी चौकोनी डबी, कडेला पिवळी पडलेली.

"दारही ठोकलं होतं आम्ही," नवरा म्हणाला.

"मी मागे बसतो. आणि हा कान अलीकडे..." त्याने उजव्या कानाला हात लावला. ती होती तोवर त्याला स्वतःच्या कानांची गरजच पडली नव्हती.

"आणि तुमचे ते शिंपी," मास्तरीणबाईला आठवलं. "तो बुद्धिबळाचा डबा काखेत मारून यायचे. बेल दाबायचे, मग इथे पायरीवर बसून राहायचे. किती दिवस यायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे बसा, काका येतील एवढ्यात. तर म्हणाले, 'तो आतच आहे. मला माहीत आहे. उघडायचं नाहीय त्याला.'"

कंपाउंडरने दाराची चौकट धरली. मास्तरीणबाई आत येते म्हणाली, चहा करून आणते म्हणाली, पण त्याने उद्या या म्हणून सांगितलं आणि दार लावून घेतलं. त्याला कुणाच्या नजरेसमोर उभं राहवेना. आपण मागे बसून मित्राला बोल लावत होतो आणि मित्र पुढे पायरीवर बसून आपल्याला. मध्ये दोन खोल्या होत्या, बस.

सकाळी तो नाक्यावर गेला. शिंप्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली होती. शेजारचा न्हावी ओळखीचा होता.

"त्याचे डोळे गेले," न्हावी म्हणाला. "सुई ओवता येईना, मग कात्री चुकायला लागली. मुलीने नेलं आपल्याकडे. जाताना तुमच्याकडे येऊन गेला ना?"

"हो," कंपाउंडर म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्याने मुलीचा नंबर लिहून घेतला.

फोन मुलीने उचलला आणि वडिलांकडे दिला.

"कोण?"

"मी. कंपाउंडर."

मग शिंपी म्हणाला, "बोला."

उभ्या जन्मात शिंपी त्याला बोला म्हणाला नव्हता. 'बोल की लेका', 'बकतोस का आता', असलं काहीतरी म्हणायचा. कंपाउंडर गडबडला. त्याने मेन स्विचचं सांगितलं, बेलचं सांगितलं, कानाचं सांगितलं. सगळं खरं होतं, पण फोनवर ते त्याचं त्यालाच रचल्यासारखं वाटायला लागलं.

"असू द्या," शिंपी म्हणाला. "प्रसंगच तसा होता तुमच्यावर. माणसाला नकोसं वाटतं कुणी."

"अरे, 'तुम्ही' काय म्हणतोस मला?"

"वय झालं आता. रीत पाळावी."

फोन ठेवल्यावर कंपाउंडर दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने घराला कुलूप लावलं आणि लांबची बस पकडली.

मुलीचं घर चौथ्या मजल्यावर होतं. तिने ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं. शिंपी खिडकीशी बसला होता. चेहरा दाराकडे, पण नजर दुसरीकडेच. कंपाउंडर समोर बसला. हवा कशी आहे, बस मिळाली का, पोट साफ होतं का, असं दोघे बोलले. अशी बोलणी लग्न जमवायला आलेली माणसं करतात. मग तेही संपलं.

"मला वाटलं तूच यायचा बंद झालास," कंपाउंडर शेवटी म्हणाला. "मी दुकानासमोरून जाणं सोडलं."

"मी बंद झालो? पायरी झिजवली तुझ्या दारची," शिंपी ताडकन म्हणाला. मुलगी आतून बघून गेली.

मग शिंप्याने पाण्याचा पेला शोधायला हात पुढे केला. तो कंपाउंडरच्या बाहीला लागला. पेला राहिला बाजूला. त्याची बोटं बाहीच्या शिवणीवरून वर सरकली, खांद्यापाशी थांबली, मग कॉलरवर आली.

"हा मी शिवलाय."

"हो."

"कॉलर विरलीय. धागा लागतोय हाताला."

"हो."

"उलटून का नाही घेतलीस वेळच्या वेळी?"

"कुणाकडून घेणार?"

शिंपी कॉलर धरून तसाच बसून राहिला. "तू म्हणजे अगदी ठोंब्या आहेस," तो हळूच म्हणाला. "अंधारात बसायचं होतं तर दार तरी उघडं ठेवायचंस."

संध्याकाळी मुलीचा नवरा आला, मुलं आली. घर लहान, त्यात सगळे दिवे लागले, शेगडी पेटली, टीव्हीवर कुणीतरी भांडायला लागलं. कंपाउंडरला बसायला स्टूल होतं, ते मुलाला अभ्यासाला लागलं. तो उठला. शिंपी दारापर्यंत भिंत धरत आला.

"पुन्हा येशील तेव्हा बुद्धिबळ आणू नकोस," तो म्हणाला. "मला सोंगट्या दिसत नाहीत."

"मग काय आणू?"

"काही नको. नुसता ये."

कंपाउंडरने एकच दर घेतला. खिडकीतल्या बाईंनी अर्ज भरून घेतला आणि म्हणाल्या, चांगलं केलंत. पुढे मर्यादा कधी वर गेली, कधी खाली आली. तिच्या आतल्या दरांची उलथापालथ होत राहिली आणि जिन्यात त्यावर वाद झडत राहिले. त्याला त्याचं काही राहिलं नाही. संध्याकाळी पुढच्या खोलीत दिवा असतो. लोकांचा लोंढा काही आला नाही. इतक्या दिवसांत ज्याच्या त्याच्या संध्याकाळी भरून गेल्या होत्या, त्यात एक माणूस नव्याने बसवायचा तर जागा लागते. मास्तरीणबाई चार-सहा वेळा येऊन बसली. मग परीक्षा आल्या, मग तिची सासू आजारी पडली. ती जिन्यात भेटली की थांबते, येते एकदा म्हणते, आणि तिला यायचं असतं हे तिच्या तोंडावरून दिसतं. शिंप्याकडे तो जाऊन येतो, पण बसचा प्रवास मोठा आणि त्याचे गुडघे दुखतात. दोघे खिडकीशी बसतात. शिंपी जुन्या गिऱ्हाइकांची मापं सांगतो, हा त्यांची दुखणी सांगतो. कधीकधी एकाच माणसाचं माप आणि दुखणं जुळतं, मग दोघे हसतात.

उरलेल्या संध्याकाळी तो घरी असतो. आता स्वयंपाकही सातला करतो, म्हणजे जेवण गरम मिळतं. एकदा असाच जेवून उठला होता तेव्हा मुलाचा फोन आला.

"बाबा, आवाज वेगळा येतोय. कुठे बसलाय?"

"पुढच्या खोलीत."

"टीव्ही लावलाय का?"

"नाही. फ्रिज आहे तो. घुं घुं करतो जरा."

"कुणी आलंय?"

"नाही रे," कंपाउंडर म्हणाला. "कुणी नाही. तू बोल."